काळ्या तबकड्यांचीं छायाचित्रें

घराची वाटणी व्हावयाची असली म्हणजे प्रथम भांडीं मोजलीं जातात. तांब्यापितळेचें वजन होतें, चांदी सर्वांच्या देखत मांडली जाते, देव थोरल्याकडे जातात, आणि सर्वांच्या शेवटीं माळ्यावरचें सामान खालीं येतें. हें सामान मोठें चमत्कारिक असतें. तें टाकून द्यावें असें म्हणण्याचा धीर कोणास होत नाहीं, आणि तें आपल्या बिऱ्हाडीं न्यावें असेंहि कोणी म्हणत नाहीं. मोडका पाळणा, पंचांगांचे गठ्ठे, कोणा पूर्वजाची पगडी. आणि कित्येक घरांत या सर्वांच्या तळाशीं ग्रामोफोनच्या तबकड्यांची एक जड पेटी. आज त्या पेटीविषयीं, आणि ती घरांतून जाण्यापूर्वीं तिच्यासाठीं काय करतां येतें याविषयीं, वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

नगर शहरांतील आमच्या काकांच्या वाड्याची अशीच वाटणी गेल्या माघांत झाली. सरकारदरबारीं २०२४ पासून या शहराचें नांव अहिल्यानगर झालें आहे. परंतु आमच्या पिढीच्या तोंडीं अजून नगरच बसलेलें आहे, त्याबद्दल वाचक क्षमा करतील. वाडा जुना, मातीच्या जाड भिंतींचा. तो उतरवून तेथें नवी इमारत उभी राहावयाची होती. माळ्यावरून चार लांकडी पेट्या खालीं आल्या. त्यांत मोजून तीनशें बारा तबकड्या निघाल्या. तिघां भावांच्या तीन नव्या बिऱ्हाडांत त्यांना जागा नव्हती, आणि त्या वाजविण्याचें यंत्र तर केव्हांच बंद पडलें होतें.

आमचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, सोमवारीं रद्दीवाला येणार आहे. तुम्ही कॅमेरा बाळगतां, तेव्हां तो येण्यापूर्वीं यांचे फोटो तरी काढून ठेवा. वस्तु गेली तरी आठवण राहील."

आम्ही हौसेपुरते छायाचित्रकार. लग्नामुंजींत कोपऱ्यांत उभे राहून फोटो काढावे, एवढीच आमची विद्या. तरी शनिवारीं सकाळीं सामान घेऊन वाड्यावर गेलों. काकांचें वय अठ्ठ्याऐंशीं. ते ओसरीवर पेट्यांजवळच खुर्ची टाकून बसले होते. प्रथम त्यांचाच एक फोटो घ्यावा म्हणून आम्हीं कॅमेरा वर केला, तों ते म्हणाले, "माझा कशाला? मी काय गातों? गाणाऱ्यांचे काढ."

पेट्या उघडल्या आणि मग लक्षांत आलें कीं, यांत नुसतीं गाणीं नाहींत. आपल्या देशांतील ध्वनिमुद्रणाचा बहुतेक सगळा इतिहास थरांथरांनीं बसलेला आहे. सर्वांत खालीं आजोबांनीं १९३० नंतर घेतलेल्या जड, ठिसूळ तबकड्या. या मिनिटास ७८ फेरे घेतात, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावतें. या तबकड्या विनाइलच्या नव्हेत, त्या लाखेच्या. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर एक किडा जो चीक सांडतो, त्याचीच ही लाख. जिनें आपले पूर्वज लखोट्यावर मोहोर करीत, तीच. तिच्यांत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबीत. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग हा गृहस्थ कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. तें मुद्रण जर्मनींतील हॅनोव्हर येथें जाई आणि तेथून तबकडी होऊन परत येई. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत उच्चारी, त्याचें कारण हेंच सांगतात कीं, परदेशांतील कारागिरांस कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव छापावें हें समजावें. कलकत्त्यास कारखाना निघाला तो १९०८ सालीं. तोंपर्यंत आपल्याकडची लाख समुद्रापार जावी आणि आपलेंच गाणें अंगावर घेऊन परत यावी, असा हा प्रवास होता.

त्यांवरचा थर काकांच्या तरुणपणचा, आणि सर्वांत वरचा थर लवचिक, हलक्या विनाइलच्या मोठ्या तबकड्यांचा. विनाइलची ही मिनिटास तेहतीस-पूर्णांक-एक-तृतीयांश फेऱ्यांची तबकडी अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें १९४८ सालीं बाजारांत आणली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटें गाणें बसूं लागलें. आपल्याकडे लाखेची तबकडी सुमारें १९७० पर्यंत निघत राहिली, आणि नंतर तीहि थांबली. काकांच्या पेटींत बालगंधर्व होते, जी. एन. जोशी होते, जे. एल. रानडे होते, १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खांसाहेब होते, आणि त्यांच्याच कन्या हिराबाई बडोदेकर होत्या. बाप-लेक एका पेटींत, मध्यें फक्त एक कागदी वेष्टन!

आतां छायाचित्रांची गोष्ट. पहिला दिवस आमचा पुरता वायां गेला. काळी तबकडी म्हणजे आरसाच असतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. सरळ वरून फोटो घेतला, तर तबकडीच्या मध्यभागीं आमचेंच तोंड आणि कॅमेरा. फ्लॅश लावला, तर डोळे दिपविणारा पांढरा गोळा आणि बाकी सगळा अंधार. संध्याकाळीं संगणकाच्या पडद्यावर पाहिलें, तों गाणाऱ्यांच्या जागीं सर्वत्र आम्हीच विराजमान झालेलों! काकांनीं तें पाहून एवढेंच म्हटलें, "तुझी तबकडी कोणी काढली रे?"

रविवारीं शहाणपण आलें. फ्लॅश बंद केला. तबकडी काळ्या कापडावर, पूर्वेकडील खिडकीपासून दोन हातांवर ठेवली. उजेड एका बाजूनें, अगदीं तिरपा, जवळजवळ तबकडीच्या अंगाला घासून जाईल असा येऊं दिला, आणि कॅमेरा किंचित् दूर व कलता धरला. मग जें दिसलें तें पाहून आम्ही थक्क झालों. तबकडीवरील रेघा एकामागून एक जाग्या झाल्या. उजेडाचा एक पंखा केंद्रापासून कडेपर्यंत पसरला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुई सव्वादोनशें फेऱ्यांहून अधिक फिरते. ती वाट उलगडून सरळ केली तर सुमारें सव्वाशें मीटर भरेल. ती सबंध वाट डोळ्यांस दिसूं लागली.

आणि त्याबरोबर आणखीहि कांहीं दिसलें. कांहीं तबकड्यांची एक बाजू काळीभोर, नव्यासारखी; आणि दुसरी राखेसारखी करडी. याचें कारण काकांनीं सांगितलें. पोलादी सुई दर बाजूस नवी घालावयाची असते. तबकडींतील दगडाची पूड तिला घांसून टाकते. पण सुयांची डबी विकत घ्यावी लागे, म्हणून जपून वापरणाऱ्या घरांत एकेक सुई पांच-पांच वेळां चाले. झिजलेली सुई रेघ पोखरते, आणि पोखरलेली रेघ करडी दिसते. म्हणजे करडा रंग हा त्या घराच्या आवडीचा हिशेब. जी बाजू अधिक वाजली, ती अधिक करडी.

काका म्हणाले, "खांसाहेबांच्या तबकड्या बघ, सर्वांत करड्या असतील. वडिलांची आणि माझी तीच आवड. रोज रात्रीं दिवाणखान्यांत लागत."

आम्हीं पाहिलें. खांसाहेबांच्या तबकड्या बेताच्याच झिजल्या होत्या. सर्वांत करड्या होत्या त्या हिराबाईंच्या आणि भावगीतांच्या, त्याहि बहुधा एकाच बाजूनें. काकांनीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. "या आम्हीं इतक्या कधीं लावल्या?" असें ते स्वतःशींच म्हणाले.

त्या रात्रीं फोटो मोठे करून पाहतांना आम्हांस एक खूण आढळली. मध्यभागच्या कागदी चिठ्ठीवर, भोंकाच्या अगदीं लगत, फिक्या तांबड्या रंगाचा एक ठिपका. प्रथम वाटलें, यंत्राच्या मधल्या खुंटीचा गंज लागला असेल. पण गंज दोन्ही बाजूंस लागेल. हा ठिपका एकाच बाजूस होता. मग एकेक करून सहाशें चोवीस बाजू तपासल्या. एकोणीस बाजूंवर तो ठिपका होता, आणि त्या एकोणीसच्या एकोणीस बाजू करड्या होत्या. नुसत्या डोळ्यांनीं हातांत घेऊन पाहतांना तो कोणास दिसला नव्हता. मोठ्या केलेल्या चित्रांत तो लपणें शक्य नव्हतें.

सोमवारीं सकाळीं काकांची कन्या नाशिकहून आली होती. तिला तें चित्र दाखविलें मात्र, ती म्हणाली, "आईचें कुंकू आहे हें!"

आमच्या काकू वारून आतां नऊ वर्षें झालीं. त्या गात नसत. गाण्यावर बोललेल्याहि आम्हांस आठवत नाहींत. पण दुपारीं पुरुषमंडळी कामावर गेलीं, सासूबाई आडव्या झाल्या, म्हणजे त्या यंत्राची पेटी माजघरांत नेत. आवाज बाहेर जाऊं नये म्हणून झांकण अर्धें लावून घेत. माजघरांत उजेड थोडा. चिठ्ठीवरचीं बारीक अक्षरें दिसत नसत. आवडती बाजू चटकन् सांपडावी म्हणून त्यांनीं कुंकवाचें बोट लावून ठेविलें होतें. त्या एका बोटाच्या खुणेवर, तीन मिनिटांचें गाणें, पुन्हां चावी, पुन्हां तेंच गाणें, अशी त्यांची दुपार जाई. मुलगी लहान होती. ती जवळ बसून ऐकत असे, आणि आईनें सांगितल्याप्रमाणें कोणास सांगत नसे.

काका बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मला वाटे, हिला गाण्याची गोडी नाहीं. दिवाणखान्यांत तबकडी लागली कीं ही आंत निघून जाई."

मुलगी म्हणाली, "दाराशीं उभी राहून ऐकत असे, अण्णा."

काकांनीं हात पुढें केला. ठिपक्याची एक तबकडी त्यांच्या हातीं दिली. ती त्यांनीं दोन्ही तळव्यांत, कडेस धरून, ठिपका बाहेर येईल अशी छातीशीं घेतली, आणि आम्हांस म्हणाले, "आतां माझा काढ."

तो फोटो आमच्या समोर आहे. त्यांत काकांचा चेहरा स्पष्ट नाहीं, कारण आमचा हात हलला. पण ठिपका स्पष्ट आहे.

या प्रसंगानंतर आम्हीं थोडी चौकशी केली, तेव्हां समजलें कीं, तबकड्यांबरोबर त्यांच्या धन्यांचीं छायाचित्रें काढण्याचा उद्योग जगांत इतरत्रहि चालला आहे. इलॉन पाझ नांवाच्या इस्रायलमध्यें जन्मलेल्या छायाचित्रकारानें, न्यूयॉर्कला स्थायिक झाल्यावर, देशोदेशींच्या विनाइल-संग्राहकांच्या घरीं जाऊन, त्यांच्या कपाटांच्या गराड्यांत बसवून त्यांचे फोटो काढले, आणि २०१४ सालीं 'डस्ट अँड ग्रूव्हज' या नांवाचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यांत शंभराहून अधिक संग्राहक आहेत. आपल्याकडेहि या विषयाची आस्था कांहीं कमी नाहीं. मुंबईंत १९९० सालीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था निघाली, श्री. सुरेश चांदवणकर यांनीं तिचे मानद कार्यवाह या नात्यानें काम केलें, आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हें तिचें नियतकालिक जुन्या तबकड्यांच्या माहितीनें भरलेलें असे. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानें तर हिंदुस्थानांतील आरंभींच्या मुद्रणांची क्रमांकवार यादीच ग्रंथरूपानें सिद्ध केली आहे. अशा मंडळींच्या श्रमांमुळें पुष्कळ जुनें गाणें आज घरबसल्या ऐकावयास मिळतें.

येथें कोणी चतुर वाचक म्हणेल, "गाणें जर सुरक्षित झालें, तर मग त्या काळ्या थाळीचा फोटो कशास?" या प्रश्नास दोन उत्तरें आहेत.

पहिलें उत्तर शास्त्राचें. तबकडीचें चित्र हें केवळ चित्र नसतें. ध्वनि हा रेघेच्या वळणांत असतो, आणि वळण हें दिसणारें असतें. अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंतील कार्ल हेबर व त्यांचे सहकारी यांनीं अशी योजना सिद्ध केली आहे कीं, तबकडीस सुई न लावतां तिच्या रेघांचीं अतिशय मोठीं व सूक्ष्म छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि संगणकानें त्या वळणांवरून ध्वनि काढावयाचा. फुटलेल्या, सुईचा भार न सोसणाऱ्या मुद्रणांसहि यामुळें पुन्हां कंठ फुटला आहे. इतकेंच नव्हे, तर लेऑन स्कॉट या फ्रेंच गृहस्थानें १८६० सालीं काजळी धरलेल्या कागदावर ध्वनीची नुसती रेघ ओढून ठेविली होती. ती वाजविण्याची त्याची कल्पनाहि नव्हती. २००८ सालीं त्या रेघेच्या चित्रावरून तें गाणें ऐकूं आलें. अर्थात् हें काम प्रयोगशाळेचें. आपल्या घरगुती कॅमेऱ्यानें तें होणार नाहीं. पण तबकडी फुटली म्हणून तिचे तुकडे लगेच केरांत टाकूं नयेत, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

दुसरें उत्तर आमच्या काकूंचें. हिराबाईंचा आवाज इतर हजार ठिकाणीं सांपडेल. तो आवाज नगरच्या एका अंधाऱ्या माजघरांत कोणी, कोणत्या वेळीं, किती वेळां ऐकला, हें मात्र त्या एकाच तबकडीवर लिहिलेलें आहे. त्याची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं, तेव्हां प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी ठेविली. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचें भैरवींतील गायन तींत आहे, ही गोष्ट आपणांस अभिमानाचीच. पण ती तबकडी तयार करणाऱ्यांस नुसतें गाणें पुरेसें वाटलें नाहीं. त्यांनीं तिच्यांत शंभराहून अधिक चित्रेंहि भरलीं: माणसांचीं, घरांचीं, जेवणाऱ्या-खाणाऱ्यांचीं. गाणें कोणाचें, तें ऐकणारीं माणसें कशीं होतीं, हें कळल्यावांचून गाण्याची ओळख पुरी होत नाहीं, हेंच त्यांनींहि ओळखलें असलें पाहिजे.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांनीं, ती ठेवावयाची असो वा द्यावयाची असो, प्रथम दोन दिवस तिच्यासाठीं काढावे. खर्च कांहींच नाहीं. हल्लीं ज्याच्या त्याच्या हातीं दूरध्वनीबरोबर कॅमेराहि असतोच. तबकडी कडेस व मधल्या चिठ्ठीस धरावी. रेघांवर बोट लावूं नये. धूळ मऊ कोरड्या फडक्यानें, रेघांच्या दिशेनें, फिरवून पुसावी. लाखेच्या तबकडीस स्पिरिट मुळींच लावूं नये. लाख त्यांत विरघळते. चिठ्ठी मात्र पुसूं नये. तिच्यावर कोणाचें बोट असेल हें आपणांस ठाऊक नसतें. फ्लॅश न वापरतां खिडकीचा तिरपा उजेड घ्यावा. दोन्ही बाजूंचीं चित्रें घ्यावीं. चिठ्ठीभोंवतीं काळ्या भागांत कोरलेले बारीक आंकडे व अक्षरें वाचतां येतील असें एक चित्र जवळून घ्यावें, कारण अभ्यासकांस मुद्रणाचा काळ ठरविण्यास तींच उपयोगी पडतात. कागदी वेष्टनाचें चित्र निराळें घ्यावें. त्यावर दुकानदाराचा शिक्का, किंमत, कधीं कोणाचें नांव असतें. ठेवावयाच्या तबकड्या उभ्या ठेवाव्या, आणि आमच्या जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन ज्या खोलींत येतें त्या खोलींत कदापि ठेवूं नयेत. विनाइल तर पापडासारखें वांकडें होतें.

आणि हें सर्व झाल्यावर एक चित्र माणसाचें घ्यावें. घरांतील जें कोणी वडील माणूस असेल त्याच्या हातीं तबकडी द्यावी, आणि घाई न करितां जवळ बसावें. तें आढेवेढे घेईल. "माझा कशाला?" म्हणेल. थांबावें. केवळ ज्यांच्या नांवावर पेटी आहे त्यांनाच विचारूं नये. जीं दाराआड उभीं राहून ऐकत होतीं, त्यांनाहि विचारावें.

रद्दीवाला त्या सोमवारीं ठरल्याप्रमाणें आला आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन गेला. तबकड्यांपैकीं बहुतेक आतां पुण्याच्या एका जाणत्या संग्राहकाकडे आहेत. त्यांबरोबर आमच्या चित्रांची एक प्रतहि त्यांस दिली आहे. ठिपक्याच्या तबकड्या मात्र काकांच्या मुलीनें नाशिकास नेल्या. वाड्याच्या जागीं आज मोकळी जमीन आहे. काका मुलाच्या नव्या बिऱ्हाडीं असतात. गेल्या खेपेस त्यांना भेटावयास गेलों, तेव्हां मुलानें टेबलावर ठेविलेल्या यंत्रांतून खांसाहेब लागले होते. थोड्या वेळानें काका म्हणाले, "हें राहूं दे. तिच्या बाजूचें कांहीं लाव."